काढलेलं चाक गाडीखाली

मी, खाली सही करणारी, वय पन्नाशीच्या थोडं पलीकडे, व्यवसाय एका साप्ताहिकात लोकांच्या खोड्या काढणारं सदर चालवणे, राहणार नवऱ्याच्या आणि माझ्या सामाईक मालकीच्या घरात, या लेखाने जाहीर करते की हे माझं मृत्युपत्र मी स्वखुशीने, कोणाच्याही धाकाला किंवा लाडीगोडीला बळी न पडता लिहून ठेवत आहे. दडपणाखाली म्हणाल, तर तशी यायची मी गेल्या मंगळवारी थोडक्यात वाचले, आणि म्हणूनच हा कागद.

मी शुद्धीवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला तपासून ते म्हणाले, "डोक्याला मार नाही. नुसता धक्का आहे." मी विचारलं, "हा किती दिवस राहतो?" तर म्हणाले, "इतरांना आठवडाभर. तुम्ही त्यावर लेख लिहून लवकर मोकळ्या व्हाल." लेख मी लिहिणार नाही, का, ते पुढे येईल. पण धक्का खरा आहे. स्वयंपाकघरात झाकण पडलं तरी मी आधी स्वतःचे पाय चाचपते. या कागदावर अक्षर जिथे वाकडं आलंय तिथे हात थरथरला असं समजावं, बुद्धी नव्हे.

कलम १. घर.

घरातला माझा अर्धा हिस्सा माझ्या नवऱ्याला द्यावा. हा गृहस्थ कॉलेजात इतिहास शिकवतो आणि घरात भूगोल बदलतो. म्हणून अट एकच: गॅरेजमधली फरशी त्याने आधी उखडावी, मगच हिस्सा घ्यावा. आमच्या गॅरेजला साधा कोबा होता. खडबडीत, वर्षानुवर्षं तेल प्यायलेला, इमानी. मी एका व्याख्यानासाठी परगावी गेले असताना नवऱ्याने तिथे पांढरीशुभ्र चकचकीत फरशी बसवून घेतली, माझ्या वाढदिवसाची भेट म्हणून. "तुझ्या गाडीला हॉस्पिटलमध्ये आल्यासारखं वाटेल," असं म्हणाला. त्याचं प्रेम खरं होतं आणि फरशी गुळगुळीत होती. मी तोंडभर हसून 'वा' म्हटलं. संसारात अशा जागी 'वा' म्हटलं की पुढे मृत्युपत्र करायची वेळ येते.

कलम २. म्हातारी, आणि तिच्यावरून झालेलं वैर.

घरात जिला सगळे 'म्हातारी' म्हणतात ती माझ्या वडिलांची जुनी जीप. चारही चाकांना जोर लावणारी. डोंगरउतारावर बकरीसारखी चपळ आणि चांगल्या रस्त्यावर रुसल्यासारखी चालणारी. वडील जमीन मोजणीच्या नोकरीत होते. रस्ता जिथे संपतो तिथून त्यांचं काम सुरू व्हायचं. ते निवृत्त झाले तेव्हा खात्याने तीच जीप लिलावात काढली आणि त्यांनी ती घरी आणली. आई दारात उभी राहून म्हणाली, "नोकरी सुटली, पण सवत घरी आली."

वडील मृत्युपत्र न करता गेले. सगळं आवरून झाल्यावर माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, जो दंतवैद्य आहे आणि ज्याच्या तोंडून दिवसाला चार वाक्यं निघाली तर वहिनी डॉक्टरला बोलावते, तो एवढंच म्हणाला, "गाडी भंगारात देऊ."

"भंगारात कशाला? मला दे."

"नको. भंगारातच बरी."

"बाबांच्या वस्तूची तुला काही किंमत आहे का रे?"

"चासी म्हणजे काय, माहीत आहे तुला?"

"तुला दातांपलीकडे काय माहीत आहे?"

असं ते वाढत गेलं. दुसऱ्या दिवशी दादा दवाखान्यात असताना मी खुंटीवरची किल्ली काढली आणि म्हातारीला चालवत माझ्या घरी आणलं. त्याचा एक फोन आला, तो मी दोन शब्दांत उडवला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. वहिनीशी मी बोलते, माझी मुलगी मामाशी बोलते. दोन देशांचं पटत नसलं तरी व्यापार चालू ठेवतात, तसं.

म्हणून या मृत्युपत्राच्या पहिल्या मसुद्यात मी दादाला एकच वस्तू ठेवली होती: एक झिजलेला पाना, जो जगातल्या कुठल्याही नटाला बसत नाही. मंगळवारनंतर तो मसुदा फाडावा लागला. म्हातारी कोणाला, आणि दादाला काय, या दोनच गोष्टींसाठी हे सगळं नव्याने लिहिते आहे. बाकीची कलमं शोभेला.

कलम ३. ठेव.

बँकेतली माझी ठेव, पुस्तकांचं मानधन चुकून आलंच तर ते, आणि माझ्या आईच्या बांगड्या मुलीला. यातली दमडीही म्हातारीवर खर्चू नये. ही अट मुलीसाठी नाही, तिच्या बापासाठी आहे. तो गहिवरून गॅरेजचं छतही चकचकीत करील. मुलगी दुसऱ्या शहरात इमारतींचे आराखडे काढते. तिने मला फोनवर बजावलं होतं, "आई, घरात कोणी नसताना गाडीखाली जाऊ नकोस."

"तू जन्मायच्या आधीपासून जातेय मी."

"म्हणूनच सांगतेय. तेव्हा तुम्ही दोघी तरुण होतात."

तिची जीभ माझ्यावर गेली आहे. तो वारसा मृत्युपत्राशिवायच पोचला.

कलम ४. हत्यारं आणि किरकोळ हिशेब.

पान्यांचा संच, हातोड्या, ग्रीसची पिचकारी आणि वडिलांचा हातदिवा मुलीला. ड्रिल मशीन शेजारच्या औषधवाल्यांना. ते कित्येक वर्षांपासून त्यांच्याचकडे आहे, मी त्याला फक्त कायद्याचा आधार देते आहे. गॅरेजमधला रेडिओही त्यांनाच. "वहिनी, आवाज!" म्हणून भिंतीवर ठोकून ठोकून त्यांच्या बाजूचा गिलावा पडला. आता मनाला येईल तेव्हा तो बंद करण्याचं सुख त्यांनी भोगावं.

जुन्या जीपवाल्यांचा फोनवर एक गट आहे. त्यांना मी काहीही ठेवत नाही. डाव्या दाराची करकर कशी घालवावी, एवढा साधा प्रश्न मी तिथे विचारला होता. उत्तर आलं, बिजागरी काढून ग्रीस भरा. बिजागरी काढली तर ज्या खांबाला ती बसवली होती तो खांब हातात आला. मी फोटो टाकला. उत्तर आलं, "ताई, आता उघडलंच आहे तर खालचा पत्राही बघून घ्या." पत्रा बघायला रबरी मॅट उचलली, तर खालची गॅरेजची पांढरी फरशी दिसली, म्हणजे पत्रा नव्हताच, इतकी वर्षं माझा नवरा मॅटवर पाय ठेवून डोंगर चढत होता. "ताई, आता उघडलंच आहे तर सीट काढा." सीट काढली. "आता उघडलंच आहे तर ब्रेकच्या नळ्या बदला." नळ्यांसाठी मागची चाकं काढली, चाकं काढलीच आहेत तर घासली, घासलीच आहेत तर रंगवायला घेतली. दाराच्या करकरीसाठी सुरू झालेलं काम पावसाळ्यातल्या ओल्या भिंतीसारखं पसरत गेलं. माणूस आजाराने जातो, अपघाताने जातो. जुन्या गाडीचा मालक 'आता उघडलंच आहे तर' या वाक्याने जातो. सल्ला देणाऱ्यांपैकी एकाची जीप इतकी वर्षं उघडी पडली आहे की तिच्यात मांजरीच्या पिढ्या वाढल्या. त्या मांजरींना मात्र माझे आशीर्वाद.

दार मी अजून बसवलेलं नाही. ते भिंतीला टेकून उभं आहे. आता करकरत नाही.

कलम ५. मंगळवार.

आधी एक नियम सांगते. तो वडिलांचा. मोजणीच्या कामात चाक बदलायची वेळ कायम रानात यायची, आणि जॅकखालची माती कधी सरकेल याचा नेम नसायचा. म्हणून आम्हा दोघा भावंडांना पाढ्यांच्या आधी हे पाठ झालं होतं: काढलेलं चाक गाडीखाली, मग माणूस गाडीखाली. चाक आडवं करून चासीच्या खाली सरकवायचं. जॅक सुटलाच तर गाडी चाकावर बसते, माणसावर नाही. आई आम्हाला जेवायला हाक मारायची तेव्हाही वडील आधी विचारायचे, "चाक कुठाय?" आणि आम्ही ओरडायचो, "गाडीखाली!"

आता सोमवार. सोमवारी मी पत्र्याच्या जागी वाकून चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी कणा, तारेच्या ब्रशने घासत होते. डाव्या बाजूचा गंज निघाला आणि खाली एक पट्टी दिसली. हातभर लांब. कणा तिथे आरपार चिरला होता आणि चिरेवर ती पट्टी ठोकली होती. मी मागे सरून बसले. याच चिरेवर बसून मी नवऱ्याला, मुलीला, एकदा तर साप्ताहिकाच्या संपादकांना घाटातून हिंडवून आणलं होतं.

मग मी पट्टी नीट बघितली, आणि दुसरा धक्का बसला. पट्टीची चारही टोकं गोल घासलेली होती. कडा अंगठ्याला टोचत नव्हती. सांध्यात काहीतरी पांढरं भरून ते गुळगुळीत पॉलिश केलेलं होतं. गाडीच्या पोटाखाली, जिथे गुरंसुद्धा बघणार नाहीत, तिथे! मिस्त्री ठोकतो आणि पुढच्या गाडीकडे जातो. चिखलात राहणाऱ्या लोखंडाला पॉलिश करणारा माणूस जगात एकच असू शकतो, आणि तो आमच्या घरात जन्मला आहे.

म्हणजे दादाला माहीत होतं. चासी तुटलेली आहे हे ठाऊक असून त्याने मला ती चालवू दिली, आणि तोंडातून शब्द काढला नाही. मी पट्टीचा फोटो मुलीला पाठवला. खाली लिहिलं, 'बघ तुझ्या मामाची कवळी. उद्या सकाळी गाडीखाली जाऊन नीट बघते.' मंगळवारी सकाळी नवरा कॉलेजला गेल्यावर मी पुढची बाजू जॅकवर उचलली, डावं चाक काढलं, आणि तेवढी पट्टी खालून नीट बघावी म्हणून आत सरकले. आधाराचे दोन्ही लोखंडी घोडे मागच्या बाजूला गुंतले होते. काढलेलं चाक? ते भिंतीला टेकून वाळत होतं. त्याला मी नुकताच चंदेरी रंग दिला होता. रंग खराब होईल म्हणून मी ते गाडीखाली सरकवलं नाही.

रेडिओ चालू होता. थोड्या वेळाने गाडीखालून मला दोन बूट दिसले. काळे, पॉलिश केलेले. नवरा काहीतरी विसरला म्हणून परत आला असेल, असं वाटलं. मी पट्टीवरची नजर न काढता सुरुवात केली:

"आलास? बस खाली, बघ आमच्या दंतवैद्याची करणी. मोडकी गाडी बहिणीच्या गळ्यात मारली आणि वर साळसूद! जन्म गेला लोकांची तोंडं उघडण्यात, स्वतःचं कधी उघडेल तर शपथ. मी घाटात मेले असते ना, तरी हा येऊन माझे दात मोजून गेला असता, पण बोलला नसता. बाबांची गाडी भंगारात घालायला निघाला होता मेला. हाव, दुसरं काय!"

बूट हलले नाहीत. मग ते भिंतीकडे गेले. फरशीवर काहीतरी जड घासत आल्याचा आवाज झाला. मी ओरडले, "अरे, रंग ओला आहे! हात लावू नकोस!"

आवाज थांबला. बूट क्षणभर तिथेच राहिले, आणि मग निघून गेले.

रेडिओवरचं ते गाणं संपलंही नसेल. जॅक फरशीवरून घसरला. तेलाच्या एका थेंबावरून, वाढदिवसाच्या भेटीवरून. कट्ट असा आवाज झाला, मग धाड, आणि माझ्या नाकासमोर आकाशासारखी पसरलेली चासी खाली आली आणि थांबली. थांबली कशी, हे कळायला वेळ लागला. माझ्या छातीच्या आणि लोखंडाच्या मध्ये जेमतेम एक श्वास मावेल एवढी जागा होती. तो मी घेतला. बाजूला बघितलं तर चंदेरी चाक आडवं पडलं होतं आणि म्हातारी त्याच्यावर बसली होती.

मी रांगत बाहेर आले आणि त्या पांढऱ्या फरशीवर फतकल मारून बसले. रेडिओवर कोणीतरी केस गळण्यावरच्या तेलाचं कौतुक करत होतं. डोक्यात एकच विचार: चाक मी ठेवलेलं नाही.

संध्याकाळी नवरा आला. मी विचारलं, "चाक तू सरकवलंस?"

"कुठलं चाक?"

"सकाळी तू परत आला होतास ना? बूट घालून?"

"बूट? अगं, मी आज चपलेवरच गेलो. बूट शिवायला टाकलेत."

मग मला खरी भीती वाटली. चाक मीच ठेवलं असेन आणि विसरले असेन, तर मी कसली शुद्धीवर! वर दिलेला डॉक्टरांचा दाखला त्या भीतीतून आला आहे. नवरा हातदिवा घेऊन खाली वाकला आणि म्हणाला, "इथे बोटं उमटलीत." ओल्या रंगात चार बोटांचे ठसे होते. मी माझा हात लावून बघितला. ठसे माझ्यापेक्षा लांब होते.

एवढ्यात मुलीचा फोन आला. "काय गं, मामा आला होता ना? काय बोललात? भांडलात की रडलात?"

जे काही बोलायचं ते माझं बोलून झालं होतं. बुटांशी.

कलम ६. खुर्ची.

दादाशी बोलायला त्याच्या घरी जायची माझी हिंमत नव्हती. म्हणून मी त्याच्या दवाखान्यात पेशंट म्हणून नंबर लावला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "कुठली दाढ दुखतेय?" मी म्हटलं, "लिहा कुठलीही."

दादा आत आला. मला खुर्चीत बघून थबकला. हातमोजे चढवायच्या आधी मी त्याची नखं बघितली. कडेला चंदेरी रेघ होती. ऑइलपेंट काही साबणाने जात नाही.

"दादा, मी..."

"आ कर."

मी आ केला. त्याने दोन्ही गालांत कापसाचे बोळे कोंबले, आरसा घातला, दिवा ओढला आणि म्हणाला, "आता ऐक. तुला मधे बोलता येणार नाही, म्हणून आत्ताच सांगतो."

मग त्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवते, कारण एवढं लांब तो पुन्हा बोलेल असं वाटत नाही.

"बाबा रिटायर झाल्यावर एकदा लाईटबिल भरतो म्हणून गेले आणि कोरड्या नदीच्या पात्रात गाडी घातली. का म्हणून विचारलं तर म्हणाले, 'अजून जमतं का बघत होतो.' जमलं नाही. धोंड्यावर आदळली, कणा चिरला. आईला सांगितलं बिलाला रांग होती. मला म्हणाले, तू बुजव. म्हटलं, बाबा, मी दातांचा डॉक्टर. म्हणाले, फट ती फट. मी केलं जमेल तसं. सांगितलं, बाजाराच्या पलीकडे न्यायची नाही. ते त्यांनी पाळलं. आणि मला शपथ घातली. आईला सांगू नकोस, आणि धाकटीला तर मुळीच नाही. ती छापेल, म्हणाले. म्हातारपणी लोक मला हसतील."

"आँ," मी म्हटलं.

"छापलं असतंस की नाही?"

"आँ!"

"छापलंच असतंस. 'कोरड्या नदीत बुडालेला माणूस' असं नाव देऊन."

नाव चांगलं होतं, हे मला मान्य करावं लागेल. मंगळवारी जॅक सुटला तेव्हा जेवढी हादरले नव्हते, तेवढी या वाक्याने हादरले. माझ्या वडिलांनी माझ्यापासून काही लपवलं होतं, आणि कारण मी होते.

"म्हणून म्हटलं भंगारात देऊ. तू किल्ली घेऊन गेलीस. फोन केला, चासी तपासून घे म्हणायला. तू म्हणालीस, तू अक्कलदाढा तपास, आणि ठेवलास. शपथ मोडून आणखी किती सांगणार? मग तू डोंगरावर निघालीस की तुझ्या लेकीला विचारायचो, परत आली का. ती हसायची. म्हणायची, मामा, तुझा अजून गाडीवर डोळा आहे."

त्याने आरसा पुसला.

"मंगळवारी तिने फोटो पाठवला. म्हणाली, आई खाली आहे. पेशंट आ करून बसला होता, तसाच सोडून आलो. आलो तर तू खालून तोफ डागत होतीस. बोललो असतो तर भांडण झालं असतं, आणि तू तिथूनच भांडली असतीस, बाहेर आली नसतीस. भिंतीला चाक दिसलं. सरकवलं. तू ओरडलीस, रंग ओला आहे. म्हटलं, हिला जिवापेक्षा रंग प्यारा. गेलो."

मग त्याने माझ्या तोंडात आणखी खोल बघितलं आणि म्हणाला, "बाजूची दाढ किडलीय. आता उघडलंच आहे तर तीही भरून टाकतो."

माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्याच्या नर्सला वाटलं दाढेमुळे. मी दुरुस्ती केली नाही.

कापूस निघाल्यावर मी एवढंच म्हटलं, "दादा, जॅक घसरला."

"कधी?"

"तू गेलास आणि लगेच. गाडी चाकावर बसली."

त्याला हे ठाऊक नव्हतं. मुलीलाही मी सांगितलं नव्हतं. तो हातातली सळई ट्रेमध्ये ठेवायला गेला आणि ती खाली पडली. मग तो त्याच्या चाकाच्या छोट्या स्टुलावर बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. आयुष्यभर दुसऱ्यांची दातखीळ सोडवणाऱ्या माणसाची दातखीळ बसलेली मी पहिल्यांदा बघितली. बाहेर पुढचा पेशंट खोकत होता. कितीतरी वेळाने दादाने विचारलं, "फरशी कोणी बसवली?"

नवऱ्याने याची नोंद घ्यावी आणि काही दिवस दवाखान्याच्या बाजूला जाऊ नये.

कलम ७. म्हातारीची विल्हेवाट.

म्हातारी, भिंतीला टेकलेल्या दारासकट, निघालेल्या सीटसकट आणि पॉलिश केलेल्या पट्टीसकट, मी दादाला देत आहे. त्याने ती भंगारात दिली तरी माझी हरकत नाही. त्याचं तेच म्हणणं होतं आणि ते बरोबर होतं. फक्त पुढचं डावं चाक वेगळं काढून ठेवावं आणि रंगातले बोटांचे ठसे बुजवू नयेत. ज्याला ते रंगवून नीटनेटकं करावंसं वाटेल त्याने आधी माझी आठवण काढावी, मग हात आवरावा.

दादाने न घेतल्यास म्हातारी मुलीला. तिने गाडीखाली कधीही एकटीने जाऊ नये.

कोरड्या नदीची हकीकत या कागदाबाहेर कोणीही छापू नये. हे कलम सर्वांत जास्त माझ्यावर बंधनकारक आहे.

झिजलेला पाना संपादकांना.

सहीपूर्वीची पुरवणी, वकीलबाईंच्या आग्रहावरून जागेवरच लिहिलेली.

साक्षीदार म्हणून शेजारचे औषधवाले आणि वकीलबाईंचे कारकून, असं ठरलं होतं. सहीच्या वेळी कारकून आले नाहीत; दादा आला. वहिनीने त्याला सांगितलं होतं. अंगात जुना शर्ट, पायात जुन्या चपला. त्याने उभ्या उभ्या सगळं वाचलं आणि कलम सातवर बोट ठेवलं.

"हे मला? तू मेल्यावर?"

"मृत्युपत्रात तसंच असतं, दादा."

"म्हणजे तोवर खाली तूच जाणार."

नवरा फरशीकडे बघत होता.

दादाने वकीलबाईंना विचारलं, "साक्षीदार कुठे सही करतो?"

"तुम्हाला नाही करता येणार, डॉक्टर. तुम्हाला यात वाटा आहे. ज्याला वाटा आहे त्याने साक्ष केली, तर त्याचा वाटा रद्द होतो. सही केलीत की जीप गेली समजा."

"पेन द्या," दादा म्हणाला.

त्याने पेन घेतलं आहे. वकीलबाई म्हणतात, त्याचा परिणाम लिहून ठेवा, म्हणून लिहिते: कलम सातमधला दादाचा हक्क त्याने स्वतः, शुद्धीवर असताना, घालवला आहे. मी त्याला अडवलं. औषधवाल्यांनीही अडवलं, ड्रिल मशीनवरचा हक्क त्यांनी स्वतः असा कधी सोडला नसता. खरं तर त्यांनाही वाटा आहे, आणि सही केली तर ड्रिल व रेडिओ दोन्ही जातात, हे त्यांना आत्ता समजलं. ते म्हणाले, "रेडिओ जाऊ द्या हो. ड्रिल माझ्या घरीच आहे."

हे सर्व मला वाचून दाखवण्यात आलं, मला ते समजलं, मान्य आहे, आणि त्याखाली मी सर्वांसमक्ष सही करत आहे.

स्थळ: आमचं जेवणाचं टेबल, जिथून गॅरेजचं दार दिसतं.
दिनांक: जॅक घसरला त्यानंतरचा पहिला शुक्रवार.

मृत्युपत्र करणारीची सही: (थोडी वाकडी आली आहे, कारण वर दिलं आहे.)

साक्षीदार पहिले: शेजारी, धंदा औषधविक्री. सही केली आहे. ड्रिल उद्या आणून देतो.

साक्षीदार दुसरे: थोरला भाऊ, धंदा दंतवैद्यकी. हिने माझ्यासमोर सही केली. तेव्हा ती शुद्धीवर होती. गप्प नव्हती. रविवारी सकाळी कणा उघडायला येतो, पट्टी नव्याने मारू. चाक मी ठेवीन. मी येईपर्यंत खाली जायचं नाही.